पोट उघडणारच आहे तर

"पोट उघडणारच हाय, तर तेवढं बी उरकून टाका," विहीणबाई डॉक्टरणीला म्हणाल्या.

माझी मुलगी तिथेच होती. तपासणीच्या टेबलावरून नुकतीच उतरून, एका हाताने भिंत धरून चप्पल शोधत होती. दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण सिझरचं झालं होतं आणि दुसरंही तसंच होणार हे डॉक्टरणीने सांगून ठेवलं होतं. "तेवढं" म्हणजे पुढे मूल होऊ नये म्हणून करायचं ऑपरेशन. मुलीला पहिली मुलगी आहे. विहीणबाईंनी लगेच पुढचं वाक्य जोडलं, "म्हणजे पोरगा झाला तर बरं का. पोरगी झाली तर मग बघू."

मी गप्प बसायचं ठरवून आले होते. मुलीने रिक्षातच बजावलं होतं, "आई, तू तिथे बोलायचं नाही." पण माझं तोंड माझं ऐकत नाही.

"आणि ते कसं करायचं?" मी विचारलं. "ती आत टेबलावर पडलेली असणार. तुम्ही दाराबाहेरून ओरडून सांगणार का, की झाला मुलगा, आता शिवून टाका?"

"तुम्ही लगेच अंगावर येता विहीणबाई. मी तिच्या भल्याचंच बोलले. दोनदा दुखणं काढायचं त्यापेक्षा एकदाच."

"दोनदा कशाला? तुमचा मुलगा आहे की धडधाकट. त्याचं होतं पाच-दहा मिनिटांत."

जावई दाराशी उभा होता, त्याने मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधायला सुरुवात केली. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, जणू मी भर बाजारात शिवी दिली होती. डॉक्टरीण वयाने लहान होती, पण तिने आवाज चढू दिला नाही. "आजी, हे त्या दोघांनी ठरवायचं आहे," ती विहीणबाईंना म्हणाली. त्यांना आजी म्हटलेलं फार लागलं. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य तेच, "मी काय तिला आजी दिसते का?"

मुलीने मात्र जाताना वळून डॉक्टरणीला सांगितलं, "मॅडम, माझं ऑपरेशन करायचं नाही. मुलगा झाला तरी नाही." एवढंच बोलली आणि चालू लागली. मी इतकं बोलले त्याच्यापेक्षा ते जास्त कामाचं होतं.

मी बेदाण्याचा व्यापार करते. सुरुवात द्राक्षाच्या मण्यांपासून केली. पॅकिंगच्या शेडमध्ये घड साफ करताना जे सुटे मणी खाली पडतात ते मी क्रेटने उचलायची आणि हातगाडीवर विकायची. आज पंचवटीत स्वतःचं दुकान आहे. भाव करताना समोरच्याला आधी आकडा बोलू द्यायचा, आपण मालाकडे न बघता दुसरीकडे बघायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. शेतकरी, दलाल, टेम्पोवाले, सगळ्यांशी भांडून शिकले. माझा आवाज मोठा आहे आणि तो मी लहान करणार नाही.

बाळंतपणाबद्दलची माझी मतं घरात सगळ्यांना पाठ आहेत. केशराचं दूध प्यायलं की मूल गोरं होतं असं सांगणाऱ्या बाईला मी विचारते, तुमच्या घरी केशर पोचलं नव्हतं का? बाळंतिणीला पाणी कमी द्या असं म्हणणाऱ्या एका लांबच्या नणंदेला मी चहा न देता घालवलं आहे. बंद फ्लॅटमध्ये बाजेखाली शेगडी ठेवायची नाही म्हणजे नाही, शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. लस चुकवायची नाही. बाळ रडलं तर मला सांगा, ग्राइप वॉटरच्या बाटलीला सांगू नका. डिंकाचे लाडू मात्र माझ्याच हातचे आणि त्यात बेदाणा माझ्या दुकानातला. टाळूवर तेल थापू नका असं डॉक्टरीण म्हणते, मी थापते. तिला आम्ही सांगत नाही.

पण ऑपरेशनचा विषय निघाला की हे सगळं बाजूला पडतं. तिथे मला मत नाही, तिथे मला राग आहे, आणि तो जुना आहे.

माझा मुलगा झाल्यावर, म्हणजे या मुलीच्या पाठचा, आमच्या घरात ठरलं की आता बस. ठरलं म्हणजे सासूने ठरवलं. नर्सबाई घरी आल्या होत्या, त्यांनी ओट्यावर बसून सांगितलं की पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं, टाकाही पडत नाही, दुपारी माणूस घरी येतो. मी नवऱ्याकडे बघितलं. तो तेव्हा टेम्पो चालवायचा. म्हणाला, "मला क्रेट चढवावे लागतात. माझी ताकद गेली तर खायचं काय?" सासू म्हणाली, "पुरुषाच्या अंगाला हात नको. बाईचं शरीर त्यासाठीच असतं."

त्याच टेम्पोत खालून क्रेट मी देत होते, हे त्या घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. मी सरकारी नसबंदी शिबिरात जाऊन पडले. हॉलमध्ये जमिनीवर गाद्या घातलेल्या, बायका ओळीने. माझ्या शेजारची बाई पाणी पाणी करत होती. द्राक्षाचा हंगाम होता, टाके सुकायच्या आत मी पुन्हा शेडवर गेले. ताकद माझीही होती, पण ती जाईल अशी भीती कोणाला वाटली नाही. कंबर तेव्हापासून दुखते. डॉक्टर म्हणतात त्याचा याच्याशी संबंध नाही. असेल नसेल. माझ्यासाठी ती त्या शेडवरच दुखायला लागली.

म्हणून मुलीच्या वेळेला मी ठरवलं होतं, हिचं होऊ द्यायचं नाही.

मुलगा झाला. बाळ चांगलं वजनदार, रडणं आजोळावर गेलेलं, म्हणजे माझ्यावर. मुलीने ऑपरेशन करू दिलं नाही. डॉक्टरणीनेही तिची बाजू घेतली, अंगात रक्त कमी आहे, आत्ता घाई नको, पुढचं पुढे बघा. विहीणबाई दवाखान्यात पेढे वाटत होत्या आणि प्रत्येक पेढ्याबरोबर सांगत होत्या, "एवढं चांगलं पोट उघडलं होतं, पण आमचं ऐकतंय कोण."

मुलगी बाळाला आणि थोरलीला घेऊन सव्वा महिन्यासाठी माझ्याकडे आली. विहीणबाईंचा रोज फोन. आधी बाळ दूध पितंय का, मग पहिली नात जेवली का, मग गाडी तिथेच येऊन थांबायची, "मग, कधी करायचं तेवढं? सासरी यायच्या आधीच करून टाका म्हणजे तिथं आराम होईल." मी रोज फोन आपटायची. मुलगी म्हणायची, "फोन तुझा आहे, फुटला तर तुलाच घ्यावा लागेल."

एका रविवारी जावई बाळाला बघायला आला. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो मशीनवर काम करतो. स्वभावाने वाईट नाही. पहिल्या मुलीचे लंगोट स्वतः धुवायचा, आईला कळू नये म्हणून पहाटे. मी त्याला बाजरीची भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांची भाजी वाढली आणि तो दुसऱ्या भाकरीवर आला तेव्हा विषय काढला. भरल्या ताटावरून माणूस उठत नाही, हे मला व्यापारात माहीत झालं आहे.

"जावईबापू, मग तुमचं काय ठरलं?"

त्याला कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मामी, मला काही नाही. पण मशीनवर उभं राहावं लागतं. लोखंडाचे जड जॉब उचलायचे असतात. ताकद कमी झाली तर काम कसं होणार?"

अगदी तेच वाक्य. क्रेटच्या जागी जॉब. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी आता काय बोलले असते ते मला माहीत आहे आणि ते लिहिण्यासारखं नाही. पण त्याच्या आधी माझा नवरा बोलला. तो समोरच जेवत होता. त्याने मान वर केली नाही, भाकरी कुस्करत राहिला.

"ताकदीचं काही नसतं," तो जावयाला म्हणाला. "मी पण तेच सांगितलं होतं तेव्हा. खरं म्हणजे मला भीती वाटली होती. तिकडे ब्लेड लावणार म्हटल्यावर माझे पायच गळाले. बायकोला कसं सांगायचं, म्हणून ताकदीचं सांगितलं."

जावई हसला. नवराही थोडा हसला. दोघं पुरुष एकमेकांकडे बघून हसले आणि त्यांचं काहीतरी हलकं झालं.

माझं झालं नाही. लोकांना वाटेल, नवऱ्याने एवढं मोकळं बोलल्यावर बाईचं मन भरून आलं असेल. माझा संताप झाला. इतकी वर्षं मी त्याच्या ताकदीशी मनातल्या मनात भांडत होते आणि ती ताकद नव्हतीच, नुसती भीती होती. भीती वाटते असं म्हणाला असता तर मी हात धरून नेलं असतं. आणि हे मला सांगितलं नाही, जावयाला सांगितलं, माझ्या हातची भाजी खाताना.

"भात वाढू का?" मी नवऱ्याला विचारलं.

"नको."

"मग उठा."

तो उठला. माझा आवाज तो ओळखतो.

जावई मात्र बसून राहिला. थोड्या वेळाने आतल्या खोलीत मुलीकडे गेला. दार उघडंच होतं. मुलगी बाळाला पाजत होती. ती म्हणाली, "आई म्हणते म्हणून करू नकोस. माझं पोट मला परत कापून घ्यायचं नाही, एवढंच मला सांगायचं होतं. बाकी तू ठरव." तो म्हणाला, "खूप दुखत असेल का गं?" ती म्हणाली, "मला विचारतोयस?" मग दोघं हसायला लागली, आणि टाक्यांवर ताण येतो म्हणून ती "हसवू नकोस, हसवू नकोस" करत राहिली.

जाताना चप्पल घालता घालता तो मला म्हणाला, "मामी, मी तयार आहे. पण आईला तुम्ही सांगायचं. मला जमणार नाही."

विहीणबाई पुढच्याच आठवड्यात बाळंतविडा घेऊन आल्या. बाळाची झबली, टोपडी, सुनेला साडी, खारीक-खोबरं. मी साडीची घडी उलगडून बघितली, चांगली आहे म्हटलं, चहा ठेवला आणि सौद्याला बसले. जावयाचा निर्णय झाला आहे, हे मी सांगितलं नाही. आधी समोरच्याला बोलू दिलं.

"मग तिचं कधी?" त्या म्हणाल्या.

"तिचं नाही होणार."

"मंग काय तिसरं होऊ द्यायचं?"

"ते पण नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्या पोराचं? विहीणबाई, तुमचं शहरात चालत असंल. आमच्या गावात लोक काय म्हणतील? पारावर पोरं हसतील त्याला. बाईलवेडा म्हणतील. आन् उद्या अशक्त झाला तर? लय जड काम हाय त्याचं."

"अशक्त झाला तर माझ्याकडे आणून सोडा. मी पोसते."

"असं तोंडाने म्हणायला काय जातंय!"

"माझं तोंड बाजारात चालतं. विचारा कोणालाही."

मग त्या रडल्या. नाटक नव्हतं ते. त्या म्हणाल्या, त्यांचं स्वतःचंही शिबिरातच झालं होतं, त्याच दिवशी बैलगाडीतून घरी आणलं होतं, खड्डा आला की त्या गाडीच्या कठड्याला चावायच्या. मी म्हटलं, "मग सुनेचं का करायला निघालात?" त्या म्हणाल्या, "मंग काय, आपलं झालं तसं तिचं. पोराला कशाला." त्यांना त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. मला त्यांची कीव येईल असं वाटलं होतं, पण नाही आली. मला फक्त एवढं कळलं की ही बाई रागाने हटणार नाही. हिला द्यावं लागेल काहीतरी.

तेव्हा मी माझा आकडा सांगितला. ऑपरेशन नाशिकमध्ये होईल. मुलगा बायको-पोरांना भेटायला सासुरवाडीला गेलाय एवढंच गावात कळेल. आराम माझ्या घरी. गावात, भावकीत, कोणालाही मी एक शब्द सांगणार नाही.

त्यांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. "तुमचा नवरा?"

"त्याने इतकी वर्षं मलासुद्धा सांगितलं नव्हतं. तो कोणाला सांगतोय."

"मग ठीक हाय. पण शब्द पाळायचा."

"दिला."

ठरल्याप्रमाणे झालं. मी आणि नवरा, दोघं जावयाबरोबर गेलो. नवरा बाहेर बाकावर असा बसला होता की जणू आत त्यालाच बोलावणार आहेत. जावई चालत आत गेला आणि चालत बाहेर आला, चेहऱ्यावर काहीतरी मोठं होईल म्हणून तयारी करून गेलेल्या माणसाचा गोंधळ. डॉक्टरांनी सांगितलं, थोडे दिवस जड उचलू नका, आणि पुढे काही महिन्यांनी तपासणी करून घ्या, तोपर्यंत सांभाळून राहा, लगेच भरवसा ठेवू नका. हे शेवटचं मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, जावयाच्या देखत.

विहीणबाई राहवलं नाही म्हणून संध्याकाळी आल्याच. आल्या त्या अळिवाची खीर घेऊन. माझ्या घरात एका खोलीत बाळंतीण आणि दुसऱ्या खोलीत जावई, दोघांना खीर. मुलगी म्हणाली, "आता याच्या पण डोक्याला फडकं बांधा, वारं लागेल." विहीणबाई खरंच फडकं शोधायला लागल्या होत्या.

बारसं त्यांच्या गावी झालं. मांडव घातला होता, बायका पाळण्याभोवती, गाणी, घुगऱ्या. मी माझ्या शब्दाला बांधलेली, एका कोपऱ्यात बेदाण्याच्या पुड्या वाटत होते. तेवढ्यात भावकीतल्या कोणी विचारलं, "मग सूनबाईचं ऑपरेशन उरकलं का?" आणि विहीणबाई तोंडभर हसून म्हणाल्या, "हो हो, सिझरमध्येच उरकलं की! लय सोपं गेलं तिला."

माझ्या हातातली पुडी चुरगळली. मी गप्प राहण्याचा शब्द दिला होता, पण तिचं झालं असं त्यांनी सांगायचं नाही, हे सौद्यात लिहून, निदान वदवून घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आयुष्यभर भाव केले आणि याच मालाला भोक राहिलं. माझ्या मुलीने जे नाकारलं तेच तिच्या नावावर चढलं. मी मुलीकडे बघितलं. तिने मान हलवली, जाऊ दे. मी जाऊ देणाऱ्यातली नाही. पण शब्द दिला होता, आणि बाजारात माझं एवढंच नाव आहे की मी भांडते पण फिरत नाही. ओठ दाताखाली धरले आणि पुड्या वाटत राहिले.

तेवढ्यात मागच्या अंगणात स्वयंपाकाच्या शेगडीचा गॅस संपला. आचाऱ्याने हाक मारली. जावई उठला, भरलेला सिलिंडर उचलून खांद्यावर घेतला आणि मांडवातून निघाला.

"अरे ठेव खाली!" विहीणबाई किंचाळल्या. "तू नको उचलू! डॉक्टरने काय सांगितलंय तुला? टाकी ठेव खाली आधी!"

गाणं थांबलं. सगळ्या बायका आधी त्यांच्याकडे आणि मग त्याच्याकडे बघायला लागल्या.

"का हो, त्याला काय झालंय?" एका म्हातारीने विचारलं.

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, जणू काही मीच बोलले. मी दोन्ही हात वर केले. मी एक शब्द बोलले नव्हते.

जावयाने सिलिंडर खाली ठेवला नाही. तो खांद्यावर तसाच धरून म्हणाला, "काही नाही आजी. माझं ऑपरेशन झालं. तिचं नाही, माझं. आता बरा आहे." आणि तो मागे निघून गेला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण पाय नीट पडत होते. मागून दोन-तीन तरुण पोरांचं खसखसणं ऐकू आलं. एक काका "काय जमाना आलाय" म्हणाले. बाकी पाळण्यातलं बाळ रडायला लागलं आणि गाणं परत सुरू झालं, कारण बाळाचं नाव अजून ठेवायचं होतं.

विहीणबाई माझ्याशी जेवण होईपर्यंत बोलल्या नाहीत. मीही गेले नाही समजूत काढायला. नवऱ्यालाही मी अजून माफ केलेलं नाही; तो विचारतो अधूनमधून, मी उत्तर देत नाही.

जेवणं उरकल्यावर मी मागे हात धुवायला गेले. भांडी घासायच्या जागेपाशी त्यांच्या भावकीतली एक सून उभी होती. कडेवर एक, पदराला धरून एक, आणि तिसरं मांडवात कुठेतरी रडत होतं ते तिचंच. तिने आधी इकडे तिकडे बघितलं. मग खाली मान घालून विचारलं, "मामी, कुठल्या दवाखान्यात केलं?"

"कोणाला दाखवायचंय?" मी विचारलं.

"आमच्या ह्यांना. ते तयार नाय होणार."

"किती वेळा विचारलंस?"

"एकदाबी नाय."

मी हात पदराला पुसले. आत पंक्तीत तिचा नवरा जिलेबी खात होता. तिने डोळ्याने दाखवला. अजून त्याचं पान अर्धं होतं. मी तिच्या हातातलं पोर माझ्याकडे घेतलं आणि म्हटलं, "चल. तो उठायच्या आत."